आयटीत ओळखी जपायच्या म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारा सत्तावीस वर्षांचा आहे, नवी मुंबईत ऐरोलीला बॅकएंड डेव्हलपर, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहिणारा, पाच वर्षं एकाच प्रोजेक्टवर. काम नीट करतो पण कामापुरतंच बोलतो, पार्टीत कोपऱ्यात उभा असतो. सगळे म्हणतात नेटवर्किंग कर, आणि त्याला ते पुढेपुढे केल्यासारखं वाटतं. आता टीममधली चार माणसं कमी केली, उद्या आपला नंबर लागला तर फोन करायला दहा नावंसुद्धा नाहीत अशी भीती आहे. आणि शेवटी विचारलंय की जुन्या टीम लीडशी दोन वर्षं बोलणं नाही, आता एकदम कुठल्या तोंडाने मेसेज करू.

मी २००१ पासून या लाइनमध्ये आहे. महाप्याला ट्रेनी टेस्टर म्हणून लागले, मग डेटाबेसकडे वळले, मधे मुलगी झाली तेव्हा दीड वर्षं घरी होते, नंतर टीम सांभाळायला लागले, आता घोडबंदर रोडला राहते आणि आठवड्यातून तीन दिवस घणसोलीला जाते. एकूण सहा नोकऱ्या झाल्या. पहिली पेपरातली जाहिरात बघून, एक पोर्टलवरून, आणि बाकीच्या चार कोणीतरी कुठेतरी माझं नाव घेतलं म्हणून. त्यामुळे या विषयावर मला खरंच बोलायचंय, लांब होईल, वाच. आणि तुला तू म्हणते, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस.

आधी ते पुढेपुढे करण्याचं बघू, कारण तो काटा निघाल्याशिवाय पुढचं काही तुझ्या हातून होणार नाही. आपल्या नोकरदार घरांत 'ओळखीने लागला' हे वाक्य आवाज खाली करून बोलतात. माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात टूलरूमला होते. एमआयडीसीची ती पहिली वसाहत, एके काळी नुसते कारखानेच होते तिथे, आता निम्म्या जागी ऑफिसं दिसतात. बाबा अभिमानाने सांगायचे की मी जन्मात कोणाकडे शब्द टाकला नाही. पण त्यांचा कारखाना बंद पडला ना, तेव्हा मी शाळेत होते आणि मला स्पष्ट आठवतंय, संध्याकाळी घरी माणसं यायची आणि बाबा फोनवर सांगत असायचे की अरे हा माणूस सरफेस ग्राइंडरवर फार चांगला आहे, मी दहा वर्षं शेजारी उभं राहून बघितलंय, घेऊन टाक. बाबांनाही असंच कोणीतरी सांगून भांडुपला लावलं. याला ते शब्द टाकणं म्हणत नव्हते, आणि बरोबरच होतं त्यांचं. काम न बघता माणूस आत घुसवला तर तो वशिला. ज्याने शेजारी उभं राहून काम बघितलंय त्याने ते दुसऱ्याला सांगितलं तर ती साक्ष झाली. तुला अशा साक्षी गोळा करायच्या आहेत. हांजी हांजी कोणाची करायची नाहीये.

आता २००९ चं सांगते, कारण त्या वर्षी मला हे सगळं कळलं, त्याआधी मीही तुझ्यासारखीच होते, खाली मान घालून काम. सप्टेंबर २००८ ला लेहमन बुडाली, आमचा क्लायंट फायनान्समधला, चार महिन्यांत प्रोजेक्ट गुंडाळलं. आधी बेंच, म्हणजे हाताला काम नाही पण पगार चालू, मग एक दिवस केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून द्या म्हणाले. मुलगी तीन वर्षांची, फ्लॅटचा हप्ता चालू. मी माझ्या सगळ्यात जवळच्या सहा मैत्रिणी-मित्रांना फोन केले आणि सगळे मनापासून हळहळले, पण उपयोग काही झाला नाही. ते सगळे त्याच कंपनीत नाहीतर त्याच क्लायंटच्या कामावर होते ना, मला जे माहीत तेच त्यांना माहीत, त्यातल्या दोघांवर तर तीच वेळ आलेली.

मग एक नाव आठवलं. २००२ ते २००४ मी कंपनीच्या बसने जायचे, तीन हात नाक्याला चढायचे, मग कळवा, विटावा, दिघा करत महापे. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की बस तासभर जागेवर. नेटवर्क टीममधला एकजण कळव्याला चढून माझ्या मागच्या सीटवर बसायचा. मैत्री अशी नव्हती, टीम वेगळी, मजला वेगळा, पण त्या तासाभरात बोलणं व्हायचं. त्याला बॅकअप कसे चालतात याची उत्सुकता होती, मी एकदा माझ्या ओरॅकल सर्टिफिकेशनच्या वह्या त्याला झेरॉक्स करायला दिल्या होत्या. २००४ च्या नोव्हेंबरात ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, मी ट्रेनने जायला लागले, त्याने नोकरी बदलली, संपलं. फक्त दर दिवाळीला त्याचा एसएमएस यायचा आणि मी उत्तरात एखादी ओळ जास्तीची लिहायचे, कुठे आहेस, कसं चाललंय. त्याला फोन करायला मला तीन दिवस लागले, खोटं नाही सांगत, नंबर काढायचा आणि ठेवून द्यायचा. शेवटी केला. तो बेलापूरला एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये होता, म्हणाला आमच्याकडे डेटाबेस सांभाळायला डीबीए हवाय, जाहिरात अजून निघालेली नाही, बायोडेटा आजच पाठवा, आणि वर म्हणाला तुमच्या वह्यांमध्ये प्रत्येक कमांडपुढे ती कधी चालवायची नाही ते लिहिलेलं होतं, ते मला अजून आठवतं. पाच वर्षांपूर्वीच्या वहीतलं माझं काम त्याच्या लक्षात होतं, माझ्याच नव्हतं.

हे मलाच झालं असं नाही, यावर जुना अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांनी नुकत्याच नोकऱ्या बदलल्या होत्या त्यांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून नोकरी कळली त्याला तुम्ही कितीदा भेटत होतात. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी वरचेवर भेटणाऱ्याकडून कळलं असं म्हणणारे साधारण १७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५६ टक्क्यांच्या आसपास आणि क्वचित भेटणाऱ्याकडून २८ टक्के. कारण सोपं आहे, जवळची माणसं आपल्याच डबक्यातली असतात, लांबचा माणूस दुसऱ्या पाण्यातला असतो. मग २०२२ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये लिंक्डइनवरचा मोठा प्रयोग छापून आला, दोन कोटींवर लोक, पाच वर्षं, तुम्ही यांना ओळखत असाल अशा ज्या सूचना येतात ना त्या वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या दाखवून बघितल्या. त्यात दिसलं की अगदी घट्ट ओळखीपेक्षा मध्यम सैल ओळखी, म्हणजे साधारण दहाएक ओळखीची माणसं कॉमन आहेत अशा, नोकरी बदलायला जास्त कामाला येतात, आणि डिजिटल कामाच्या क्षेत्रांत सैल ओळखींचा फायदा आणखी ठळक. तेव्हा तुझ्याकडे जिवलग दहा नाहीत याची चिंता नको करू. बसमध्ये मागच्या सीटवर बसणारे किती आहेत ते मोज. पाच वर्षांत तू किमान शंभर माणसांबरोबर काम केलं असशील, टेस्टिंगचे क्यूए, सर्व्हर सांभाळणारे डेव्हऑप्स, प्रॉडक्ट, क्लायंटकडचे, सोडून गेलेले, सगळे धरून. ती यादी आज रात्री बसून लिही. मी टीममधल्या पोरांना हे करायला लावते, 'माझ्याकडे कोणीच नाही' म्हणणाऱ्याची यादी अर्ध्या तासात साठच्या पुढे जाते.

पण साक्ष द्यायला आधी काहीतरी घडलेलं लागतं, आणि ते रोजच्या कामातच घडतं. लोकांच्या लक्षात काय राहतं माहितीये? मोठी डिलिव्हरी वगैरे नाही राहत. कोणी काही विचारलं आणि तुला आज जमणार नसेल तर 'गुरुवारपर्यंत बघतो' असं सांगून गुरुवारी खरंच बघितलंस, हे राहतं. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, 'हे चूक आहे' ऐवजी 'इथे यादी रिकामी आली तर काय होईल?' असं विचारलंस, ते राहतं. प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरतात ती चालू सिस्टिम, पडल्यावर जो आरसीए, म्हणजे कारणांचा अहवाल, लिहितो आपण त्यात माणसाचं नाव न घालता काय तुटलं आणि का तुटलं एवढंच लिहिलंस, हे तर ज्याचं नाव तू त्यातून वाचवलंस तो आयुष्यभर विसरत नाही. आणि चांगलं काम केलेल्याचं नाव मात्र घ्यायचं, पूर्ण नाव, त्याच्या मॅनेजरला मेलमध्ये. एकदा रात्री अडीचला स्टोरेज गेलं, व्हेंडरचा इंजिनिअर आला, त्याने सकाळी सातपर्यंत उभं राहून कंट्रोलरच्या फर्मवेअरमधली गडबड शोधून काढली. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या साहेबाला चार ओळींची मेल टाकली, नेमकं काय शोधलं ते लिहून. त्याने मला काही नोकरीबिकरी नाही दिली. पण त्यानंतर आजपर्यंत स्टोरेजचं काही अडलं की मी त्याला विचारते आणि तो फोन उचलतो. चार ओळी लिहायला पाच मिनिटं गेली होती.

तू अबोल आहेस ना, मग हे तुला बोलक्यांपेक्षा सोपं जाईल, कारण यातलं बरंचसं लिखाणात होतं. टीमच्या विकीवर कोणी न लिहिलेलं पान लिही, लोकल सेटअप, म्हणजे प्रोजेक्ट आपल्या मशीनवर चालू, कसा करायचा हे एक पान नीट लिहिणारा माणूस प्रत्येक नवीन जॉइनीला माहीत होतो. पार्टीत कोपऱ्यात उभा राहतोस तर राहा, मीही पार्टीत फार रमले नाही. एकेकट्या माणसाशी अर्धा तास बोलणं तुला जमतं का ते बघ, बहुतेक अबोल लोकांना ते छान जमतं.

आता जपायचं कसं. इथे मी जे करते ते सांगते, तुला यांत्रिक वाटेल, वाटू दे. माझ्याकडे एक शीट आहे, चार कॉलम, नाव, कुठे भेटलो, शेवटचं कधी बोललो, आणि तेव्हा ते काय म्हणाले. या चौथ्या कॉलममध्ये खरा जीव आहे. 'मुलगी दहावीला', 'कुबरनेटिस शिकतोय, कंटाळलाय', 'वडिलांची बायपास', 'चेन्नईला शिफ्ट होणार'. नव्वदच्या आसपास नावं आहेत. दर शुक्रवारी घणसोलीहून ठाण्याच्या ट्रेनमध्ये बसले की दोन मेसेज. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, दोन मेसेज आरामात होतात. वर्षाला शंभर होतात, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी माझ्याकडून काहीतरी जातं, काहीही काम नसताना. हे 'काम नसताना' माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण २००९ मध्ये मी उलटं करून बघितलंय, काम पडल्यावर सहा-सात वर्षांनी फोन केलेली माणसं होती, ती वाईट बोलली नाहीत पण आवाजातच कळत होतं की आता हिला काय हवंय.

मेसेज कसा लिहायचा? गुड मॉर्निंगचं फूल मोजायचं नाही, दिवाळीचा फॉरवर्डही नाही, ते कोणी वाचत नाही. चौथ्या कॉलममधून काहीतरी उचलायचं. 'तू मागे म्हणालेलास तुमच्याकडे पोस्टग्रेसवर जाताय, हा लेख वाचला, व्हॅक्यूमचा भाग तुझ्या कामाचा वाटला म्हणून पाठवते. उत्तराची घाई नाही.' बस. शेवटचं वाक्य मुद्दाम घालते, समोरच्यावर ओझं राहत नाही आणि खरं सांगू, त्यामुळेच उत्तर जास्त येतं. किंवा 'आज टीममध्ये नवीन मुलाला इंडेक्सिंग शिकवताना तुम्ही फळ्यावर काढलेली ती डिक्शनरीची आकृती काढली, आठवण आली.' एवढं वाचून माझे एक जुने साहेब, आता रिटायर झालेत, त्यांनी मला फोन केला आणि चाळीस मिनिटं बोलले.

सल्ला विचारलास कोणाला तर पुढची गोष्ट कधी चुकवू नकोस. दोन महिन्यांनी कळव की त्या सल्ल्याचं काय केलंस. ऐकला असेल तर काय झालं, नसेल ऐकला तर का नाही. माझ्याकडे वर्षाला वीसेक मुलं-मुली विचारायला येतात, हे मॅनेजमेंटला जाऊ का, ही ऑफर घेऊ का, ऑनसाइट जाऊ का. जीव लावून बोलते मी प्रत्येकाशी. त्यातली तीन-चार परत सांगायला येतात, आणि पुढे कुठे ओपनिंग ऐकलं की मला तीच आठवतात, मुद्दाम नाही करत, आठवतातच. विचारताना पण नेमकं विचार. 'मेंटॉर व्हाल का' ला कोणी काय उत्तर द्यायचं? 'माझ्याकडे या दोन ऑफर आहेत, एकीत पगार जास्त आहे पण जुन्या सिस्टिमचा मेंटेनन्स आहे, तुम्ही असतात तर पहिल्या वर्षी काय बघितलं असतंत' याला मी जेवण बाजूला ठेवून उत्तर देईन.

नोकरी सोडतानाचं वेगळं लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त ओळखी तिथे तुटतात. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, मन कधीच उडालेलं, आणि लोक केटी, म्हणजे आपलं काम पुढच्याला समजावून देणं, दोन कॉल घेतले की झालं समजतात. आमच्याकडे एका इंटरव्ह्यू पॅनेलवर एक बायोडेटा आला होता, टेक्निकल राउंड उत्तम. पॅनेलमधल्या एकाने नाव बघितलं आणि शांतपणे एवढंच म्हणाला, हा गेला तेव्हा केटी दिली नव्हती, आम्ही दीड महिना ठरल्या वेळी आपोआप चालणारे क्रॉन जॉब कुठून चालतात ते शोधत होतो. विषय संपला. त्या मुलाला कधी कळलंही नसेल. तर शेवटच्या महिन्यात हँडओव्हर असा लिही की तुला फोन करायची वेळच येऊ नये, आणि आली तर उचल. शेवटच्या मेलमध्ये कंपनीवरचा राग काढू नकोस, तो राग खरा असला तरी.

आणि एक साधी गोष्ट जी शंभरातले नव्वद विसरतात. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा होतो, मेल आयडी बंद होतो, चॅट बंद होतं, आणि ज्यांच्याशी रोज दिवसाला पन्नास मेसेज होते ती माणसं एका संध्याकाळीत गायब होतात. म्हणून दोन आठवडे आधीपासून एकेकाकडे जाऊन स्वतःचा नंबर दे आणि त्यांचा विचारून घे, लिंक्डइनवर जोडून घे. विचारून घे म्हणतेय, कंपनीच्या डिरेक्टरीतून किंवा क्लायंटची यादी डाउनलोड करून नाही, ती कंपनीची मालमत्ता आहे. अपॉइंटमेंट लेटर पण काढून वाच, बऱ्याच लेटरमध्ये असं कलम असतं की ठरावीक काळ जुन्या टीममधली माणसं किंवा क्लायंट ओढायचे नाहीत. ओळख ठेवणं वेगळं आणि माणसं पळवणं वेगळं.

आता माझी चूक. २०११ मध्ये एक रिलीज फसला, मी रागात मेल लिहिली, सपोर्टच्या लीडचं नाव घेऊन, सीसीमध्ये वीसेक माणसं, तुमच्या टीमने चेकलिस्ट पाळली नाही म्हणून. दोन दिवसांनी कळलं की चेकलिस्टची जी आवृत्ती त्यांच्याकडे होती ती आमच्याच बाजूने जुनी पाठवली गेली होती. मी त्याच्या डेस्कवर जाऊन सॉरी म्हटलं, तो ठीक आहे म्हणाला, मला वाटलं मिटलं. सात वर्षांनी एका क्लायंटकडे मीटिंगला गेले तर टेबलाच्या पलीकडे तो. कामात त्याने काहीही आडवं आणलं नाही, माणूस सज्जन. मीटिंगनंतर मीच विषय काढला तर म्हणाला, तुम्ही सॉरी म्हणालात ते फक्त मला माहीत होतं, ती मेल वीस जणांनी वाचली होती आणि त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्यासमोर ठेवली गेली. मी घरी येईपर्यंत गप्प होते त्या दिवशी. वीस जणांसमोर आरोप केला असेल तर माफीही त्याच वीस जणांसमोर, त्याच मेलच्या उत्तरात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी त्याला लेखी लिहून दिलं, उशिरा का होईना. आता आम्ही बोलतो, पण त्याचं ते वर्ष काही परत येत नाही.

रेफरलबद्दल, म्हणजे नोकरीसाठी कोणाचं नाव पुढे करण्याबद्दल. इथे आपली भीड आडवी येते, मागताना पण आणि नाही म्हणताना पण. सोसायटीतल्या काकूंच्या मुलाचा बायोडेटा मी एकदा नुसत्या भिडेपोटी पुढे पाठवला, वर 'चांगला मुलगा आहे' असं लिहिलं. चांगला होता, पण मी त्याचं काम बघितलेलं नव्हतं. त्याने तिसऱ्या आठवड्यात न सांगता येणं बंद केलं, आणि ज्या मैत्रिणीकडे पाठवला होता तिने त्यानंतर दोन वर्षं माझी रेफरन्स गंभीरपणे घेतली नाही. तिचं काहीच चुकलं नाही. तेव्हापासून मी दोन वेगळी वाक्यं वापरते. काम बघितलं असेल तर, काय बघितलं ते लिहिते, 'हिने आमचं मायग्रेशन एकटीने उभं केलं, दोन दिवस आधी धोका ओळखून तारीख पुढे ढकलायला लावली'. बघितलं नसेल तर सरळ लिहिते की ओळखीचा आहे, काम पाहिलेलं नाही, बायोडेटा तुमच्या नजरेखालून जावा एवढंच. काकूंनाही तसंच सांगते आणि कोणी रागवत नाही. तू मागताना समोरच्याला सुटायची जागा ठेव. जॉबची लिंक, आपल्याबद्दल तीन ओळी ज्या त्याला तशाच कॉपी करता येतील, आणि 'माझं काम आठवत नसेल किंवा योग्य वाटत नसेल तर मोकळेपणाने सांग'. झालं की निकाल काहीही लागो, कळव. नुसतं 'भाई रेफर कर दे' लिहून बायोडेटा चिकटवणारे मला आठवड्याला पाच येतात, मी उघडत नाही.

हे वाचणाऱ्या मुलींसाठी एक, प्रश्न तुझा असला तरी. मी संध्याकाळी साडेसहाला पाळणाघर गाठायला धावायचे आणि खरी बोलणी सातनंतर कुठेतरी बसल्यावर व्हायची, ती सगळी माझ्याशिवाय. बरीच वर्षं मला वाटायचं आपण यातून बाहेरच पडलो. मग मी दुपार धरली. आठवड्यातून एकदा माझ्या टीमबाहेरच्या एका माणसाबरोबर डबा खायचा, आधी विचारून ठेवायचं. वर्षाला चाळीस-पन्नास माणसं होतात, आणि डब्यावर माणूस जेवढा खरा बोलतो तेवढा बाहेर बसल्यावर बोलत नाही असं माझं ठाम मत आहे. ठाण्यात राहणाऱ्या जुन्या लोकांना वर्षातून दोनदा शनिवारी सकाळी मामलेदारची मिसळ खायला बोलावते, नऊला भेटायचं, साडेदहाला घरी. मुलं-बाळं, म्हातारे आईवडील असलेली माणसंही येऊ शकतात अशी वेळ निवडली की येतात.

२०२० नंतर अर्धी टीम स्क्रीनवरच असते, त्यामुळे बसमधली मागची सीट आता आपोआप मिळत नाही, ती बनवावी लागते. कॉलला पाच मिनिटं आधी येऊन बस, जो आधी आलेला असतो त्याच्याशी दोन वाक्यं होतात. ऑफिसला जायचा दिवस असेल तर हेडफोन लावून तेच कॉल घेण्यापेक्षा दोन माणसांच्या डेस्कवर जाऊन ये. मीटअपला जायचं तर बरेचसे पवई, अंधेरी, बीकेसीकडे असतात, ऐरोलीहून संध्याकाळचा प्रवास धरला तर जीव जातो, म्हणून दर महिन्याचा हट्ट नको, तीन महिन्यांतून एक. आणि तुझ्यासारख्याने तिथे श्रोता म्हणून जाण्यापेक्षा नोंदणीच्या टेबलावर मदतीला उभं राहावं, लोक स्वतःहून तुझ्याकडे येतात, बोलायला विषय शोधावा लागत नाही. ओपन सोर्समध्येही तसंच, कोणीतरी टाकलेला बग आपल्या मशीनवर पुन्हा घडवून पायऱ्या लिहून दिल्यास की तिथली माणसं तुझं नाव ओळखायला लागतात.

ज्युनिअरबद्दल एवढंच सांगते की माझ्या सध्याच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला पॅनेलवर जी बसली होती तिला मी २०१२ मध्ये एसक्यूएल शिकवलं होतं.

आता तुझा टीम लीड. दोन वर्षं काही फार नाहीत, आणि त्याला तू आठवत असशील, बॅकएंडवर तीन वर्षं शेजारी बसलेला माणूस कोणी विसरत नाही. गॅपबद्दल लांबलचक माफी नको, नोकरीचा विषय पहिल्या मेसेजमध्ये नको. अशा चार ओळी लिही, तुझ्या शब्दांत बदलून: 'सर, बरेच दिवसांत बोलणं नाही झालं, माझ्याकडूनच राहिलं. काल पेमेंटच्या रिट्राय लॉजिकमध्ये एक बग सापडला आणि तुम्ही शिकवलेलं आठवलं, की आधी लॉगची वेळ बघ, मग कोड उघड. त्यानेच सापडला. तुम्ही सध्या कशावर काम करताय?' यातला बग आणि शिकवण खरी हवी, तुझ्या आठवणीतली, माझी नको वापरू. उत्तर आलं की दोन-तीन वेळा नुसतं बोला. तीन-चार आठवड्यांनी, तोवर मन धजावलं तर, सरळ सांग की टीम कमी होतेय, मी बाहेर बघायला सुरुवात केलीये, तुमच्या नजरेत कुठली टीम चांगली काम करतेय? नोकरी द्या असं न म्हणता हे विचारलंस की त्याला उत्तर देता येतं. आणि मेसेज शनिवारी सकाळी दहा-साडेदहाला टाक, रविवारी रात्री नको, तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात सोमवारचा कॉल असतो.